पादुकांखालचं पाणी

किल्ला बघायला आलेला माणूस आधी तोफ कुठं आहे ते विचारतो, मग राणीचा महाल आणि शेवटी भुयार. संडास कुठं आहे हे दोनच माणसं विचारतात. एक, ज्याला घाई झालेली असते तो. दुसरा मी. नोकरीची सगळी वर्षं मी नांदेडात बस्तान ठेवून मराठवाडाभर जुन्या वास्तूंचे नकाशे काढत फिरलो. हुद्दा आरेखकाचा, काम उन्हातान्हात फीत धरून भिंती मोजायचं, आणि कचेरीत नाव पडलं ते 'संडासवाले रशीदभाई'. आमच्या अम्मीला या नावाचा फार राग. शेजारपाजारच्या बायका बसलेल्या असल्या की ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "लोगां के पोट्टे दफ्तर में पंखे के नीचे बैठते, और हमारा पाखाने ढूंडते फिरता!"

हे खूळ डोक्यात शिरलं ते कंधारच्या किल्ल्यात. मी नवा होतो. जुना नकाशा समोर पसरला होता. त्यात दारूखाना होता, अंबरखाना होता, घोड्यांच्या पागा होत्या. एवढी फौज, एवढा जनाना, एवढी जनावरं आणि नकाशात संडास एकही नाही. मी साहेबांना विचारलं, ही माणसं जात कुठं होती? साहेब हसले आणि म्हणाले, "तूच शोध." त्यांनी ते चेष्टेत म्हटलं होतं. मी मात्र ते हुकूम समजून निवृत्तीपर्यंत पाळलं.

बाहेरच्या माणसाला या कामात काय कळायचं म्हणून थोडं सांगतो. जुन्या गढीत किंवा किल्ल्यात संडास असतो तो तटाच्या जाड भिंतीत. वळून आत जावं लागतं, म्हणजे आत बसलेला बाहेरून दिसत नाही. वर वाऱ्यासाठी झरोका असतो आणि उजव्या हाताला लोटा ठेवायचा कोनाडा. खाली दगडी फरशी, तिच्यात भोक आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पावलांच्या आकाराचे उंचवटे. भोकाखालून भिंतीच्या पोटातून एक नळी सरळ खाली उतरते आणि तटाच्या पायथ्याशी गुडघ्याएवढ्या दारात संपते. त्या दाराशी रोज सकाळी कुणीतरी टोपलं आणि राख घेऊन वाकत असे. वरची खोली कुणालाही सापडते. खालचं दार शोधायला तटाला वळसा घालून बाभळीच्या झुडपांत शिरावं लागतं, तिथं साप असतात आणि गावाची घाण असते. पण ते दार सापडल्याशिवाय वरची खोली संडासच होती असं मी कधी लिहिलं नाही. हा माझा नियम होता आणि मला त्याचा अभिमान होता.

लोक मात्र या खोल्यांबद्दल काय काय सांगायचे! कुणी म्हणे फाशी द्यायची जागा, कुणी म्हणे शत्रूवर उकळतं तेल ओतायची. देगलूरकडच्या एका गढीत तर धनाच्या नादी लागलेला एक पानपट्टीवाला खालच्या दारातून नळीत शिरला आणि अडकला. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे पाय बाहेर आणि बाकीचा आत होता. माझे खलाशी गंगाधरमामा यांनी एक पाय धरला, मी दुसरा, आणि त्याला उपटून काढला. श्वास परत आल्यावर मी त्याला ती जागा कशाची आहे ते समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग सोनं कुठं ठेवलं आसंल?"

गंगाधरमामा अर्धापूरचे, घरची केळीची थोडी बाग. आमच्या खात्यात फीत आणि साखळी धरणाऱ्याला खलाशी म्हणतात; त्यांनी समुद्र काही कधी पाहिला नव्हता. वयानं माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी मामा म्हणायचो. किनवटच्या जंगलातल्या एका जुन्या बंगल्यात आम्ही उतरलो होतो, तिथं गोऱ्या साहेबाच्या काळातली सागवानी खुर्ची होती. बैठकीला भोक आणि त्यावर झाकण. खाली भांडं ठेवायची सोय होती, भांडं मात्र गेलेलं. राखणदारानं त्यावर गादी घातली होती आणि ती पाहुण्यांसाठी राखून ठेवली होती. आमच्यासमोर तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा सत्कार झाला. पुढारी तिच्यावर रेलून बसले, गळ्यात हार पडला, फोटो निघाला. मामा माझ्या कानाशी लागले, "सायेब, सांगू का?" मी म्हटलं, राहू द्या, माणूस खुशीत आहे. त्या दिवशी पोट धरून हसलो होतो. न सांगितलेल्या गोष्टीनं कुणाचं काही बिघडत नाही असं तेव्हा वाटायचं.

आता ज्या गढीसाठी लिहायला बसलो तिच्याकडे येतो. गावाचं नाव सांगत नाही. निलंग्याहून एसटीनं जावं लागायचं आणि शेवटचा रस्ता पायी. लातूर जिल्हा वेगळा होऊन फार काळ लोटला नव्हता. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं पाहिजे होतं: कचेऱ्या, पाट्या, शिक्के, आणि जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे याची एक पुस्तिका. पुस्तिकेसाठी नकाशे काढायला आमच्याकडून माणसं मागवली, त्यात मी आणि मामा निघालो. पाऊस आदल्या सालीही नव्हता, त्या सालीही नव्हता. एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना वाळून पांढरा पडलेला ऊस दिसत होता. उतरलो त्या फाट्यावर हॉटेलवाल्यानं चहा दिला, पण प्यायला पाणी मागितलं तर म्हणाला, "चहा अजून एक घ्या, पाणी न्हाई."

गावात पोचल्यावर पाटलांनी आमची शाळेत सोय केली. पाटील पन्नाशीचे, बोलायला मोकळे, पांढऱ्या मिशा नीट कातरलेल्या. ते स्वतः आम्हाला गढीवर घेऊन गेले. गढी लहानशीच, चार बुरूज, मधे चौक, चौकात विहीर. पंचक्रोशीत पाणी राहिलेली तेवढी एकच विहीर होती. कोपऱ्यातल्या बुरुजाशी आल्यावर पाटील म्हणाले, "चपला काढा सायेब. हितं देव हाय."

वळून आत गेलो. वर झरोका. उजव्या हाताच्या कोनाड्यात दिवा तेवत होता. फरशीवर दोन पावलं, हळदीकुंकवानं माखलेली, त्यांवर झेंडूची सुकलेली फुलं आणि दोन पावलांच्या मधे भोक. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

पाटील सांगू लागले. कुणी एक सत्पुरुष या जागी उभे होते. जमीन दुभंगली आणि ते पाताळात गेले, मागं या पादुका राहिल्या. गेल्या उन्हाळ्यात बुरुजावरचा दगडमातीचा ढिगारा काढताना सापडल्या. गावानं नवस बोललाय, पाऊस पडेस्तोवर रोज सकाळी घरटी एक घागर पादुकांवर ओतायची. "आन देव पितोय बघा, सायेब. एक थेंब ठेवत न्हाई. लई तहानलेला हाय."

माझ्या जिभेवर शब्द आला होता. पण माझं नाव रशीद आहे. पादुकांना संडास म्हणणारा माणूस या नावाचा असला तर पुढं काय होतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी हात जोडले आणि विचारलं, "विहिरीवर सगळा गाव येतो ना?"

"येतोय की."

"बौद्धवाडा?"

पाटलांनी मिशीवरून बोट फिरवलं. "ते खाली हायेत. आधी येत होते, मी कधी आडवलं न्हाई. आता देव परगट झाला. त्याचं सोवळं हाय. मी काय करू?"

बौद्धवाडा गढीच्या मागच्या अंगाला, उतारावर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांना वर फीत धरायला ठेवलं आणि मी एकटा तटाला वळसा घालून खाली उतरलो. नकाशात काही लिहिणार नव्हतो, पण खालचं दार बघितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. झुडपं बाजूला केली तर पायवाट दिसली, ताजी, रोजच्या पावलांची. पायवाटेच्या टोकाला दार होतं, अगदी मला पाहिजे तसं, गुडघ्याएवढं. दाराशी एक बाई बसली होती. दारात लोखंडी घमेलं, घमेल्यावर चौपदरी लुगड्याचं फडकं, शेजारी वाळू आणि कोळसा भरलेलं मडकं. नळीतून अजून थेंब पडत होते. घमेल्यातलं पाणी पिवळं होतं आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या.

तिनं माझ्याकडे वर बघितलं आणि पदर सारखा केला. "मोजणीवाले का?"

"हो."

"आमची जागा मोजायला आलाव?"

"नाही. हे दार बघायला आलो."

तिनं फडक्यावरची एक पाकळी उचलून टाकली. मग म्हणाली, "म्हंजी तुम्हाला कळलं."

तिचं नाव सोजरबाई. नवरा गेलेला, दोन सुना आणि नातवंडं घरात, मुलं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेलेली. वाड्यातल्या बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. सकाळी वर गाव घागरी ओतायचं आणि खाली या भरून घ्यायच्या. ओढ्यातला झिरा आटून गेला होता. टँकर मंजूर नव्हता, कारण गावाला चालू विहीर आहे असं कागद सांगत होता. सोजरबाई तक्रार घेऊन तालुक्याला जाऊन आली होती. तिथं तिला सांगितलं होतं की तुमच्या गढीचे कागद जुन्या जिल्ह्यात आहेत, ते आले म्हणजे बघू.

"हे पाणी पिता तुम्ही?"

"गाळून, उकळून पितो. हळद पोटाला चांगलीच की." ती हसली आणि लगेच थांबली. "माझी आजेसासू ह्याच दारातनं काढायची. गढीवरची वेठ होती, न्हाई म्हणायची सोय न्हाई. सासू सांगायची आम्हाला. आमच्या लोकांनी दीक्षा घेतली, टोपलं फेकून दिलं, ह्या दाराकडं कुणी फिरकायचं न्हाई म्हणून ठरलं. माझ्या पोरांना हे दार म्हाईतच नव्हतं. मीच आणलं त्यास्नी परत." मग तिनं घमेलं माझ्याकडे सरकवल्यासारखं केलं. "सायेब, वर सांगू नका. तुम्ही म्हणलाव का हा संडास हाय, तर उद्या घागर कोण ओतंल?"

नोकरीत मला अनेकांनी अनेक गोष्टी मागितल्या. कुणाला घराची भिंत नकाशात सरकवून पाहिजे असायची, कुणाला आपल्या पूर्वजाचं नाव दरवाजावर. तुमचं ज्ञान तुमच्यापाशीच ठेवा असं कुणी मागितलं नव्हतं. मी कबूल झालो, आणि मामांनाही सगळं सांगून तोंड बंद ठेवायला लावलं. नकाशात त्या जागी फक्त 'खोली' लिहिलं आणि खालचं दार काढलंच नाही. पहिल्यांदाच नियम मोडला, आणि त्या नकाशाइतका खरा नकाशा मी दुसरा काढला नाही असं मला आजही वाटतं.

पण विहीर खाली जात होती. आम्ही तिथं असतानाच पाटलांनी सांगितलं की आता घागर नको, घरटी तांब्या पुरे, देव समजून घेईल. देवानं समजून घेतलं असेल, पण खाली बायकांच्या पाळ्या कोलमडल्या.

त्या सकाळी मी चौकात विहिरीचा काठ मोजत होतो. बुरुजाशी रांग लागली होती. पाटलांची म्हातारी आई सगळ्यात पुढं. तिनं तांब्या ओतला, हात जोडले, आणि पादुकांमधून आवाज आला.

"सरक! सरक म्हणते ना!"

म्हातारी तिथंच आडवी झाली. "बोलला! देव बोलला!" मागच्यांनी विचारलं, काय म्हणाला? कुणीतरी म्हणालं, सरक म्हणाला. आणि अख्खी रांग एकमेकांच्या पायांवर पाय देत चार पावलं मागं सरकली. बायकांनी डोक्यावर पदर घेतले, एक जण नारळ आणायला धावला. तेवढ्यात पाताळातून पुन्हा आवाज आला, "तुझ्या घरी माणसं किती, माझ्या घरी किती! कळतंय का तुला? माझी पाळी हाय!"

मामा मोठ्यानं म्हणाले, "विहिरीतून घुमून राहिलंय ते! विहिरीचा आवाज हाय!" त्यांनी विहिरीत तोंड घालून दोन हाका मारूनही दाखवल्या. पण पाटील बुरुजाच्या तोंडाशी मान तिरपी करून ऐकत उभे होते. त्यांनी चपला घातल्या.

"ही तर सोजरा हाय," ते म्हणाले.

आम्ही पळत खाली पोचलो तेव्हा पाटील दाराशी उभे होते आणि त्यांच्यामागं निम्मं गाव. बायका घमेली उचलून उभ्या होत्या.

"देवाचं पाणी चोरायलाव?"

"सांडलेलं घ्यायलाव," सोजरबाई म्हणाली. "वरचं घेऊ देत न्हाईत, म्हणून सांडलेलं."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी पाटलांना बाजूला घेतलं. जीव घाबरा झाला होता, तरी सांगून टाकलं. पाटील, तो देव नाही. तो जुना शौचकूप आहे, हे त्याचं खालचं दार. असे मी कंधारला, औशाला, उदगीरला पाहिलेत. सोवळ्याचं काही कारणच नाही, या बायकांना विहिरीवर येऊ द्या.

मला वाटलं ते चिडतील, हात उगारतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सायेब, मला सांगता? माझा आजा ह्या गढीवर कारभारी होता. वर कोण बसायचं आन खाली कोण काढायचं, समदं म्हाईत हाय मला."

"मग?"

"मग काय? विहिरीत पाणी किती हाय ते तुम्हीच मोजलंत की. समद्यांना पुरंल का? कुणाला तरी न्हाई म्हणावंच लागतंय. मी न्हाई म्हणलं तर भांडण, केसी, पोलीस. देवानं न्हाई म्हणलं तर भांडण न्हाई."

माझ्या उभ्या नोकरीचा पाया त्या क्षणी गेला. माणसं चुकतात ती माहीत नसतं म्हणून, आणि आपण मोजून, काढून, लिहून ठेवलं की कधीतरी सुधारतात, असं मी धरून चाललो होतो. इथं समोरच्याला सगळं माझ्याहून जास्त माहीत होतं, आणि त्या माहितीवरच त्यानं देव उभा केला होता. मी एवढंच म्हणालो की हे कायद्यात बसत नाही. पाटील म्हणाले, "मग लिवा की वर."

मी लिहिलं. त्याच दुपारी गावच्या गवंड्यानं खालचं दार दगडचुन्यात बुजवून टाकलं. मी तालुक्याला गेलो, तिथून लातूरला गेलो. तिथं एक भला कारकून भेटला, त्यानं मनापासून शोधलं आणि सांगितलं की या गढीचे कागद जुन्या जिल्ह्याकडून आलेले नाहीत. जुन्या जिल्ह्यात गेलो. तिथल्यानं वही उघडून दाखवली की कागद कधीच रवाना झालेत. दोघंही खरं बोलत होते. मधल्या रस्त्यात कुठंतरी ती गढी, ती विहीर आणि तो वाडा, सगळे कोणत्याच जिल्ह्यात नव्हते.

काही आठवड्यांनी शाईचा नकाशा जागेशी ताडून पाहायला मी आणि मामा परत गेलो. या खेपेला खात्याची जीप मिळाली होती. गावाच्या बाहेरूनच हलगी ऐकू आली. मला वाटलं लग्न असेल. गढीत शिरलो तर चौकात गुलाल उडत होता, गुळाचे खडे वाटत होते, आणि बुरुजाच्या खोलीत पादुका पाण्यात बुडाल्या होत्या. पाणी काठोकाठ आलं होतं, फुलं वर तरंगत होती, कोनाड्यातल्या दिव्याचा उजेड पाण्यात हलत होता. देवाची तहान भागली! आता पाऊस येणार! म्हातारी ओंजळीनं ते पाणी लोकांच्या कपाळाला लावत होती. पाटीलही होते. त्यांनी डोळे मिटून हात जोडले होते. खालचं दार त्यांनीच बुजवलं होतं, नळी बंद झाली की पाणी वर येणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरीही ते हात खोटे वाटले नाहीत. तेच जास्त भीतीदायक होतं.

मी आणि मामा मागच्या बाजूनं खाली उतरलो. सोजरबाई त्या बुजवलेल्या दाराशी होती. वाड्यातली बरीच घरं बंद दिसली. ती वाळली होती, ओठ फुटले होते.

"हलगी कशापायी वाजवायलेत?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. पाणी वर आलंय, पादुका बुडाल्यात.

"म्हंजी नळी भरली?"

"भरली."

ती वर तटाकडे बघत राहिली. भोकापासून खालच्या दारापर्यंत तिची नजर सावकाश उतरत आली. मग तिनं नव्या चुन्यावर तळहात ठेवला. चुना ओलसर होता. दगडांच्या सांध्यातून ओल फुटली होती आणि तिथं कुणीतरी फडकी चिकटवून ठेवली होती, भिजली की पिळून घ्यायला. "हितंच हाय की मग," ती म्हणाली. "एवढं समदं. हितंच हाय, हाताम्होरं."

मामा वर गेले आणि जीपमधली पहार घेऊन आले. सरकारी नोकर, पेन्शन जवळ आलेली. पण त्यांनी धोतर खोचलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाजूला व्हा बाई," ते म्हणाले. "दोन घावांचं काम हाय."

सोजरबाईनं पहार धरली. मामांकडून ओढून नाही घेतली, नुसती धरून ठेवली. "भाऊ, तुम्ही जीपमधी बसून जाताव. आम्हाला हितं ऱ्हायचंय. आज वर गुलाल उधळायलेत. देवाचं पोट फोडलं म्हणून खाली उतरले, तर ह्या घरांना काडी लावायला किती वेळ लागंल?"

"मग काय करता?" मी विचारलं. याहून बावळट प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नाही.

"जायचं. निम्मे गेलेत. आम्हीबी जायचं."

जीपमध्ये प्यायच्या पाण्याचा एक कॅन होता, तो आम्ही तिच्या सुनेच्या घागरीत रिकामा केला. हलगी वाजतच होती. मला रडू येत नव्हतं, नुसता राग होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पुस्तिका यथावकाश निघाली. गढीच्या पानावर पादुकांचा फोटो होता आणि खाली माझा नकाशा.

त्यानंतर लातूरला जाणं झालं ते दुष्काळ अजून चालूच असताना. शहरात जिकडं तिकडं बांधकाम. नवा जिल्हा म्हटल्यावर कचेऱ्या हव्यात, साहेबांना बंगले हवेत. अशाच एका मोठ्या इमारतीशेजारून जाताना कुणीतरी "मोजणीवाले सायेब" अशी हाक मारली. वळून पाहिलं तर सोजरबाई. पत्र्याच्या पालांची रांग होती, वाड्यातली सगळी माणसं तिथंच उतरली होती. मुलं आणि सुना पाट्या वाहत होत्या. सोजरबाईचं वय बघून मुकादमानं तिला हलकं काम दिलं होतं. रबरी नळी दोन्ही हातांत धरून ती नव्या सिमेंटच्या भिंतीवर पाणी मारत होती. पाणी भिंतीवरून ओघळून खाली मातीत मुरत होतं.

"बरं हाय का सायेब?"

"बरं आहे. इथं पाणी मिळतं ना?"

"भिंतीचा टँकर रोज येतोय. आम्हाला प्यायला आडवलं न्हाई कुणी." तिनं नळीचा झोत वरच्या थराकडे वळवला, एकसारखा, कुठला कोपरा कोरडा राहू नये म्हणून नीट बघून. "सकाळी एकदा आन संध्याकाळी एकदा, पोटभर पाजावं लागतंय हिला. मुकादम म्हणतोय, एक दिवस जरी तहानलेली ऱ्हायली तर तडकती."